काउंटी प्रोबेशन आणि शहर पोलीस: एका आईने घेतलेला सहा महिन्यांचा अनुभव

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "अगं, मुलांच्या केसेस घेणारा कुणी वकील तुझ्या माहितीत आहे का?" पुढचे दोन तास आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून बोलत होतो. तिच्या घरात जे तीन आठवड्यांपूर्वी घडलं, ते आमच्याकडे घडून तेव्हा जवळजवळ वर्ष होत आलं होतं. आमच्या ओळखीतल्या एकाही मराठी घरात मी त्यातलं अक्षर बोलले नव्हते. तेव्हाच ठरवलं, हे लिहायचं. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं) नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं प्रोबेशन खातं (कोर्टाने अटींवर घरी ठेवलेल्यांवर देखरेख करणारं) वेगळं आहे, त्यामुळे तुमचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा असू शकेल. पण नियम राज्याचे आहेत आणि ते सगळ्यांना सारखे.

सप्टेंबरमधला शनिवार, गणपती नुकतेच गेले होते. माझा सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र रात्री शाळेच्या आवारात शिरले आणि मागच्या बाजूच्या पोर्टेबल वर्गांच्या खिडक्या त्यांनी दगडांनी फोडल्या. सात खिडक्या. का, याचं उत्तर तो अजूनही नीट देऊ शकत नाही. अकरा चाळीसला शहर पोलिसांचा फोन आला.

पोलीस ठाण्यात मी पहिलीच चूक करायला निघाले होते. मुलाला समोर पाहताच मी मराठीत म्हणाले, "जे असेल ते खरं सांग आणि मोकळा हो." तिथला सार्जंट मला शांतपणे थांबवून म्हणाला की वकिलाशी बोलणं झाल्याशिवाय आम्ही याला काहीही विचारू शकत नाही. २०२१ पासून कॅलिफोर्नियात सतरा वर्षांपर्यंतच्या कोणत्याही मुलाची कोठडीत चौकशी करण्याआधी त्याचं वकिलाशी बोलणं व्हावंच लागतं. प्रत्यक्ष, फोनवर किंवा व्हिडिओवर. मुलगा "मला नको" म्हणाला तरी ते टाळता येत नाही. आईबापांनी नको म्हटलं तरीही नाही. पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे आरोपीसाठी सरकारने दिलेल्या वकिलांच्या, कार्यालयातल्या वकील फोनवर त्याच्याशी नऊ मिनिटं बोलल्या आणि त्यानंतर त्याने एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. त्या रात्री मला तो निगरगट्ट वाटला. दुसऱ्या दिवशी त्याच वकिलांनी मला समजावलं की सोळा वर्षांचं घाबरलेलं पोर रात्री बारा वाजता न केलेल्या गोष्टीही कबूल करून बसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच मुलांच्या खटल्यात वकिलाचा हक्क मान्य केला, तो कशासाठी, हे मला तेव्हा उमगलं.

त्या रात्रीच्या पोलिसांना माझ्याकडून पूर्ण गुण. आवाज चढवला नाही, मला बसायला खुर्ची दिली, आणि त्याला ज्युव्हेनाइल हॉलमध्ये (मुलांच्या कोठडीत) न पाठवता नोटीस देऊन आमच्या ताब्यात दिलं. नोटिशीवर प्रोबेशन खात्यात हजर राहायची तारीख होती.

इथे एक घोळ आमच्यासारख्यांचा नेहमी होतो, म्हणून सांगते. प्रोबेशन आणि पॅरोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरोल म्हणजे तुरुंगातून सुटल्यावरची देखरेख आणि इथे ती बहुतांशी राज्याकडे असते. प्रोबेशन काउंटीचं, म्हणजे न्यायाधीशाने आत न टाकता "घरी राहा, पण या अटींवर" असं सांगणं. पोलीसही दोन तऱ्हेचे. शहर पोलिसांचा प्रमुख शहराने नेमलेला असतो. शेरीफ मात्र काउंटीतल्या मतदारांनी निवडून दिलेला असतो आणि काउंटीचा तुरुंग त्याच्याकडे असतो. माझ्या मुलाचा संबंध शहर पोलीस आणि प्रोबेशन या दोघांशीच आला. ही दोन खाती एकाच कागदावर काम करतात, पण तो सारखा वाचत नाहीत, आणि माझी सगळी तक्रार त्यातूनच उभी राहिली आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खूप आहे.

प्रोबेशनच्या पहिल्या मुलाखतीत आम्हाला भेटल्या त्याच ऑफिसरबाई पुढेही मुलाला मिळाल्या. वय पन्नाशीच्या आसपास, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या. पहिली वीस मिनिटं गुन्ह्याचा विषयच त्यांनी काढला नाही. तू किती वाजता झोपतोस, दुपारचं कुणाबरोबर जेवतोस, तबला कधीपासून शिकतोस, तो आता बंद का झाला. तबला बंद झालाय हे मला त्या खोलीत कळलं! चार महिन्यांपासून तो क्लासच्या वेळी पार्किंगमध्ये बसून राहत होता.

त्यांच्या हातात असतं तर प्रकरण त्यांनी तिथेच, कोर्टाबाहेर मिटवलं असतं, असं त्या म्हणाल्या. किरकोळ प्रकरणात प्रोबेशन खातं मुलाला सहा महिने स्वतःच्या देखरेखीखाली ठेवून केस न भरता मोकळं करू शकतं. पण तोडफोडीचं नुकसान ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त असलं की गुन्हा गंभीर वर्गातही लावता येतो, आणि शाळेचं बिल होतं १,८६० डॉलर. म्हणून कागद डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नीकडे, म्हणजे खटला भरणाऱ्या सरकारी वकिलांकडे गेला. त्यांनी शेवटी सौम्य वर्गातच केस भरली आणि डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी मुलाला कोर्टाच्या ताब्यात न घेता सहा महिन्यांचं प्रोबेशन दिलं.

पैशांबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, ते इथेच सांगून टाकते. देखरेखीची फी शून्य, पब्लिक डिफेंडरची फी शून्य. पूर्वी काउंट्या आईबापांना वकिलाचं, ज्युव्हेनाइल हॉलमधल्या दिवसांचं, पायात बांधायच्या देखरेखीच्या पट्ट्याचं, सगळ्याचं बिल पाठवत असत. १ जानेवारी २०१८ पासून कॅलिफोर्नियाने ते बंद केलं. राहिली शाळेची नुकसानभरपाई. तिघांत वाटून आमच्या वाट्याला ६२० डॉलर आले आणि ते मुलाने शनिवारी कार धुण्याच्या दुकानात काम करून फेडले. खाजगी वकिलासाठी आम्ही बचतीत हात घालायला निघालो होतो. घालू नका. निदान पब्लिक डिफेंडरला भेटल्याशिवाय तरी नको. आमच्या वकील दिवसभर मुलांच्याच केसेस बघत होत्या आणि न्यायाधीश कोणत्या गोष्टीला काय म्हणतील हे त्यांना तोंडपाठ होतं.

अटी अशा: एकही तास न बुडवता शाळा. रात्री दहा ते सकाळी सहा घरातच, आईवडील किंवा कायदेशीर पालक बरोबर असले तरच बाहेर. आईवडिलांनीही मुलाबरोबर समुपदेशनाच्या वर्गाला जायचं. चाळीस तास समाजसेवा. आणि झडतीची अट: अंग, दप्तर, खोली, वॉरंटशिवाय केव्हाही.

दहाच्या अटीवरून घरात पहिलं भांडण झालं. मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम अकरापर्यंत चालतो. आम्ही बरोबर असल्यामुळे तो थांबू शकत होता, पण सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं आवरायला थांबा, मी त्याला घेऊन पुढे होते." ऑफिसरबाईंना फोन करून विचारलं. नाही, आजी कायदेशीर पालक नाहीत, चालणार नाही. सासूबाईंना ते फार लागलं. जन्मापासून त्यांनीच त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्यांना कसं समजवावं ते मला कळेना, शेवटी मुलानेच त्यांना जवळ बसवून समजावलं.

पहिली गृहभेट जानेवारीत, न कळवता. दारात ऑफिसरबाई, कमरेला बॅज, अंगात संरक्षक जाकीट. सासूबाईंनी आधी देवघराचं दार लोटलं आणि मग पाण्याचा तांब्या आणला. बाईंनी आमचा चपलांचा स्टँड पाहिला आणि विचारलं, इथे बूट काढतात का? मला कामावर बूट काढायची परवानगी नाही, असंही सांगितलं. पुढच्या वेळी आल्या त्या खिशातून हॉस्पिटलमध्ये घालतात तसली निळी पादत्राणं काढून बुटांवर चढवूनच आत आल्या. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मुलाची खोली पाहिली, कपाट पाहिलं, तबल्यावरची धूळ पाहिली आणि विचारलं, "हे अजून बंदच?" फेब्रुवारीत त्याने क्लास परत सुरू केला. त्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही, त्याच्या बापानेही घेऊ नये.

मला इतिहास वाचायला आवडतो म्हणून त्या दिवसांत शोधून वाचलं. प्रोबेशन हे खातं कुण्या कायदेपंडिताने सुरू केलेलं नाही. जॉन ऑगस्टस नावाचा बॉस्टनचा एक बूट करणारा कारागीर १८४१ मध्ये कोर्टात बसला होता. एका दारुड्याला शिक्षा होणार तेवढ्यात तो उठला आणि म्हणाला, मी याचा जामीन राहतो. तीन आठवड्यांनी त्या माणसाला घेऊन तो परत आला, तेव्हा न्यायाधीशाला माणूस इतका बदललेला दिसला की एक सेंट दंडावर सोडलं. पुढे ऑगस्टसने असे शेकडो लोक सांभाळले. निळी पादत्राणं चढवताना वाकलेल्या ऑफिसरबाईंना बघून मला तो आठवायचा.

आईबापांचा वर्ग दर बुधवारी संध्याकाळी, सहा आठवडे. मी तिथे अपमान गिळून बसायच्या तयारीने गेले होते. नवरा पहिल्या दिवशी टाय लावून गेला, जणू मुलाखतीला. बारा घरं होती. आमच्या शेजारी एक ट्रक चालवणारे मेक्सिकन गृहस्थ बसत, रात्रीची पाळी करून न झोपता येत. तिसऱ्या बुधवारी शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला कागद दिला आणि म्हणाल्या, तुमचं मूल काल चार ते सातपर्यंत काय करत होतं ते लिहा. मी पेन धरून बसले. त्याच्या कालच्या गणिताच्या परीक्षेतले गुण मला दशांशासकट माहीत होते, पण चार ते सात माहीत नव्हतं. त्या ट्रकवाल्या गृहस्थांनी मात्र अर्धं पान भरलं होतं. हा वर्ग मी पैसे देऊनही केला असता. सक्तीचा नसता तर गेलेच नसते, हेही खरं.

आता वाईट.

फेब्रुवारीतली दुपार, साडेचार वाजलेले. मुलगा सायकलवरून लायब्ररीत जात होता. गस्तीच्या गाडीने थांबवलं, सायकलला पुढचा दिवा नाही म्हणून. (दिवसाउजेडी दिवा लागत नाही, तो अंधारातच लागतो.) नाव विचारलं, गाडीतल्या संगणकात टाकलं, आणि पडद्यावर आलं: प्रोबेशन, झडतीची अट. पुढची पंचवीस मिनिटं माझा मुलगा फुटपाथच्या कडेवर बसला होता आणि त्याचं दप्तर गाडीच्या बॉनेटवर उलटं केलेलं होतं. डबा उघडून पाहिला. मग पोलिसाने फोन मागितला, कुलूप उघड म्हणाला.

फोन अटींत नव्हता. सरकारी पक्षाने डिसेंबरमध्ये तशी अट मागितली होती, पण आमच्या वकिलांनी ती खोडून घेतली होती. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाच्या अशाच प्रकरणात सांगितलं आहे की गुन्ह्याशी फोनचा काही संबंध नसताना त्याच्या सगळ्या फोनची झडती घ्यायची अट अवाजवी आहे. दगड मारायला फोन लागत नाही. मुलगा म्हणाला, "सर, फोन माझ्या आदेशात नाही." पोलीस म्हणाला, "मला इथे फक्त झडती दिसते." मुलाने फोन उघडला नाही. तो पोलीस दहा मिनिटं त्याच्यासमोर उभा राहिला आणि मग गेला. त्याच्या वर्गातल्या दोन मुली लायब्ररीच्या पायऱ्यांवरून हे सगळं बघत होत्या. त्यानंतर महिनाभर तो लायब्ररीत गेला नाही.

दप्तराच्या झडतीबद्दल माझी तक्रार नाही. अट आमच्या समोर वाचली गेली होती आणि ती माहीत असताना पोलिसाने झडती घेतली तर ते त्याच्या अधिकारात आहे. मुलांच्या बाबतीत २००६ सालचा निकाल असं सांगतो की अट पोलिसाला आधी माहीत असली पाहिजे, झडती घेऊन झाल्यावर शोधून उपयोग नाही. इथे ती माहीत होती. माझी तक्रार त्या एका ओळीची आहे. कोर्टाने दोन पानं लिहिली, काय तपासायचं आणि काय नाही हे शब्द मोजून ठरवलं, आणि रस्त्यावरच्या माणसापर्यंत त्यातला एक शब्द पोचला. ज्याच्या कमरेला पट्टा आणि पिस्तूल आहे त्याच्यापर्यंतच सगळ्यात अपुरा कागद पोचतो.

मी पोलीस खात्यात लेखी तक्रार दिली. कॅलिफोर्नियात प्रत्येक पोलीस खात्याला नागरिकांच्या तक्रारींसाठी ठरलेली पद्धत ठेवावीच लागते आणि तिचं लेखी वर्णन मागितल्यावर द्यावं लागतं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म विनातक्रार दिला. नऊ आठवड्यांनी पत्र आलं, तीन ओळींचं: चौकशी केली, नियमभंग आढळला नाही. सायकलच्या दिव्याचा उल्लेख नाही, फोनचा उल्लेख नाही. जे ठाणं सप्टेंबरच्या त्या रात्री इतकं माणसासारखं वागलं, त्याच ठाण्याचं हे पत्र. मला ते दोन्ही लक्षात ठेवायचं आहे.

ऑफिसरबाईंनी मात्र त्याच संध्याकाळी ठाण्यात स्वतः फोन केला आणि दुसऱ्या दिवशी आदेशाच्या प्रतीवर त्यांचा शिक्का आणि नंबर घालून मुलाच्या हातात दिली. मी ती लॅमिनेट करून दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवली. तुमच्यावर वेळ आली तर हे पहिल्या दिवशीच करा. माझी मैत्रीण परवा करून आली.

एप्रिलमध्ये ऑफिसरबाईंची बदली झाली. आम्हाला कुणी सांगितलं नाही. ठरलेल्या वेळी गेलो तर खिडकीत वेगळंच नाव. नवे ऑफिसर तरुण, घाईत, त्यांच्याकडे फार मुलं असावीत. फाईलमध्ये समाजसेवेचे बारा तासच दिसत होते, प्रत्यक्षात एकतीस झाले होते. अन्नवाटप केंद्राच्या सहीच्या पावत्या मी एका जुन्या केकच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. नाहीतर अट मोडली असं लिहिलं गेलं असतं आणि आम्ही परत न्यायाधीशांसमोर उभे राहिलो असतो. पुढचे दोन महिने गृहभेट एकही झाली नाही, नुसते फोन. "सगळं ठीक? शाळा ठीक? ओके." एवढंच. खात्याला विचारायचं तर हे विचारीन: मुलगा ज्या माणसाशी मोकळा बोलायला लागला त्याला मधेच काढून घेताना निदान दहा मिनिटांची एक भेट का ठेवता आली नाही? तो त्यांचा निरोपही घेऊ शकला नाही.

कार्यालयाची वेळ आठ ते पाच. सहा महिन्यांत माझ्या अकरा सुट्ट्या गेल्या. तासावारी पगार असणाऱ्या आया तिथे मुलाची वेळ बदलून मिळावी म्हणून खिडकीशी विनवताना मी पाहिल्या आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ उघडं ठेवलं तर अर्धी गर्दी हलकी होईल.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी. तुम्ही किंवा मूल अजून व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर कोर्टात काही मान्य करण्याआधी इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा. मुलांच्या कोर्टातला निकाल इमिग्रेशनच्या कायद्यात दोषसिद्धी धरला जात नाही, हा मोठा दिलासा आहे. पण फॉर्मवर अटकेबद्दलचे प्रश्न वेगळे असतात आणि त्यांची उत्तरं शेजाऱ्याला विचारून लिहायची नसतात. प्रवासाचंही तसंच. आम्हाला मार्चमध्ये भाच्याच्या मुंजीला भारतात जायचं होतं, मुलासाठी कोर्टाची परवानगी लागली. जानेवारीतच मागितली म्हणून मिळाली.

तर गुण द्यायचे झाले तर: पहिल्या ऑफिसरबाईंना पाचपैकी पाच, पब्लिक डिफेंडरना पाच, बुधवारच्या वर्गाला पाच, प्रोबेशन खात्याला खातं म्हणून तीन. पोलिसांना मी एक आकडा देऊ शकत नाही, त्या रात्रीला पाच आणि त्या दुपारला एक.

जूनमध्ये न्यायाधीशांनी केस काढून टाकली आणि नोंदी सीलबंद करायचा आदेश दिला. त्यासाठी आम्हाला अर्ज करावा लागला नाही, अटी नीट पूर्ण केल्या की हा आदेश कोर्ट स्वतःच देतं, आणि कायद्याच्या दृष्टीने ती अटक झालीच नाही असं धरलं जातं. टपालाने प्रत आली. त्यात कोणी कोणी नोंदी बंद करायच्या त्यांची नावं होती: कोर्ट, प्रोबेशन खातं, शहर पोलीस, राज्याचं न्याय खातं. शाळेचं नाव नव्हतं. वकिलांना विचारलं तर म्हणाल्या, शाळेकडच्या नोंदीसाठी वेगळी मागणी करावी लागते. ती मी सोमवारी देऊन आले, पोच घेतली, आणि केकच्या डब्यात ठेवली.